मूळ फोटोवरची पेन्सिल

३ तारीख, सोमवार
आज सकाळी अंघोळ करून देवाला आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या माझ्या आईच्या फोटोला हात जोडले, नव्या खोलीला कुलूप लावलं आणि दुकानात हजर झालो. पन्नाशीला टेकल्यावर चित्रकाराची नोकरी मिळावी, ही देवाचीच कृपा. गेलेल्या माणसांची चित्रं काढून देणारं दुकान आहे. पद्धत सोपी. फोटोची झेरॉक्स काढायची, तिच्या मागे मऊ पेन्सिल घासायची, ती जाड कागदावर ठेवून वरून चेहरा गिरवायचा. रेषा खाली उतरतात, मग छटा भरायच्या. मूळ फोटोला पेन्सिल टेकवलीत तर बोटं मोडीन, असं मालक हसत म्हणाले. खेड्यातल्या गुरुजींच्या छडीनं नाही मोडली, ती तुमच्यानं काय मोडणार, असं मीही हसत म्हणालो.

५ तारीख, बुधवार
मालक बाहेरगावी. एक बाई लेकीचा फोटो घेऊन आल्या. मुलगी गेल्या वर्षी तापानं गेली. एवढाच उरलाय दादा, जपा हो, असं जाताना पुन्हा दारातून वळून म्हणाल्या. झेरॉक्सचं मशीन बिघडलेलं. थांबायला हवं होतं. पण उद्याच त्यांना डोळे दाखवून चकित करावं असं वाटलं. खरं तर माझा हात दाखवायचा होता. मूळ फोटोच्याच मागे पेन्सिल घासली आणि डोळे गिरवले. कागदावर इतके जिवंत उतरले की मीच दचकलो. फोटो उचलला, तर त्यात डोळ्यांच्या जागी पांढरं. माझ्याच पेन्सिलीनं खरवडलं असणार.

६ तारीख, गुरुवार
फोटो खणात लपवला, बाईंना फक्त चित्र दाखवलं. कोणाचे डोळे हे, असं त्यांनी विचारलं. मग ओशाळून म्हणाल्या, कालपासून लेकीचे डोळेच आठवत नाहीत, वय झालं बघा. होतं असं, म्हणालो मी. होतं असं!

८, शनिवार
मी हात लावलेला नाही. तरी कागदावर नाक उमटलंय. फोटोतून गेलंय. बाई रस्त्यात भेटल्या. चित्र लवकर द्या दादा, नाहीतर पोरीला पार विसरून जाईन मी, म्हणाल्या. मालकांना सगळं सांगायला गेलो, आणि चहा घेता का, एवढंच विचारून परतलो.

९, रविवार
चित्राच्या मागे पेन्सिल घासली, ते फोटोवर ठेवून गिरवलं. डोळे फोटोत आले, थरथरले, पुन्हा कागदावर गेले. कागदाला कोरं राहायचं नाही. त्याला कुणाचा तरी चेहरा हवा.

१०
फोटोत आता फक्त हनुवटी. खणात इतर गिऱ्हाइकांचे फोटो आहेत. परक्यांचे— शी! काय सुचतंय मला. देवापुढे बसलो. शेजारी आई. माझ्याकडेही तिचा एवढाच—

११
केलं. आईची माफी मागितली, तिचा फोटो चौकटीतून काढून त्याच कागदावर ठेवून गिरवला. डोळे, नाक, ओठ, हनुवटी. मुलीच्या रेषा सरकत गेल्या, पुन्हा तिच्याच फोटोत भरल्या. आईचा फोटो परत चौकटीत बसवला. बाईंनी फोटो छातीशी धरला. हसताना डावा डोळा अस्सा बारीक करायची, म्हणाल्या, आणि करून दाखवला. चित्र नको म्हणाल्या. मीच खोलीवर आणलं.
हात आपोआप जुळले. देवाशेजारी एक चौकट आहे. आत कोरा कागद. रोज हिच्यापुढे मी का— आणि चित्रातली ही बाई— कोण आहे ही— अशी बघतेय, जणू मी तिचा—