तुरीचा सरवा

अल्लीपूर,
रविवार, दुपार

प्रिय भावना,

पाकीट बघून तू हसली असशील. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणारी बाई एकदम पत्र लिहायला कशी बसली? पण फोनवर मी सटकते, हे तुला पुरतं ठाऊक आहे. मुद्दा जवळ आला की माझी भाजी जळायला लागते. कागदासमोर तशी सोय नाही, म्हणून दार ओढून, शाळेचे पेपर बाजूला सारून बसले आहे.

पेपर सातवीच्या वर्गाचे आहेत. मीच एक प्रश्न दिला होता. पीक काढून नेल्यावर शेतात जे दाणे, ज्या शेंगा पडून राहतात, तो सरवा कुणी मालकाला न विचारता वेचला, तर ती चोरी का? आणि काय सांगू तुला, नाव झाकून ठेवलं तरी उत्तरावरून मी पोराचं घर ओळखत होते. ज्यांच्या घरी शेती, ते ठासून लिहितात, चोरी. ज्यांच्या आया मजुरीला जातात, ते तितकंच ठासून लिहितात, नाही. बारा-बारा वर्षांची पोरं, पण बरोबर काय अन् चूक काय हे घरून डब्यासोबत बांधून आणलेलं. छाया नावाची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिनं लिहिलं, ‘माझ्या आईनं दिवसभर तूर सोंगली, कापली तेव्हा तिला कोणी चोर म्हटलं नाही. संध्याकाळी त्याच शेतातली खाली पडलेली शेंग उचलली तर का म्हणता?’ मी पेन खाली ठेवला. मला तूच दिसलीस गं.

आपला दुसरा बाक आठवतो? तुझ्या डब्यातल्या तुरीच्या घुगऱ्या मी मिटक्या मारत खायची. घरी आई विचारायची, कोणाच्या डब्यातलं खाल्लं नाही ना? मी खुशाल नाही म्हणायची. त्या खोट्याचं मला कधी पाप वाटलं नाही. उलट माझा भाऊ सचिन ते घरी सांगून टाकेल, याचीच धास्ती. आणि तुम्ही विहारात पंचशील घेताना सगळ्यांबरोबर ‘खोटं बोलणार नाही’ म्हणायचात, म्हणून तू माझ्याकडे रागानं बघायचीस. तरी डबा पुढे सरकवायचीस.

आपण सातवीत होतो त्या वर्षीची गोष्ट तुला नव्यानं सांगायला नको, तरी सांगते, कारण मला ती एकदा पूर्ण लिहायची आहे. आमच्या नाल्याकाठच्या वावरात तूर सोंगून झाली होती. अण्णाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रान सरव्यासाठी मोकळं झालं असं अजून म्हटलं नव्हतं. पण सोमवारी वखर फिरणार होता, मग सगळंच मातीत गेलं असतं. म्हणून तुझी आई, सुलोचनाकाकू, आणि तुमच्या शेजारची अनुसयाबाई, दोघींनी शनिवारी सकाळी जायचं ठरवलं. ऐनवेळी अनुसयाबाईला ताप आला. सुलोचनाकाकू एकटीच गेली, आणि अण्णाजी नेमके तिथं हजर. त्यांनी काकूला चार माणसांदेखत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गठुडं सोडायला लावलं. सगळ्या शेंगा खाली ओतून घेतल्या. ‘चोर’ म्हणाले.

काकूच्या मनानं घेतलं की अनुसयाबाईनंच अण्णाजींना सांगितलं, तापाचं निमित्त केलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. काकू तुझ्याकडे चंद्रपूरला राहायला गेली तेव्हाही तिचा निरोप घेतला नाही. त्या शनिवारला अठ्ठावीस वर्षं झाली. जिच्यासोबत काकूनं उभा जन्म उन्हात काढला, ती तिला परकी झाली.

सोमवारी मला वाटलं, तू बाक बदलशील. तू माझ्याच शेजारी बसलीस. मधल्या सुट्टीत एवढंच म्हणालीस, “दाना मातीत सडला असता तं चाललं असतं ना तुमाले?” आणि डबा पुढे सरकवलास. त्यात घुगऱ्या नव्हत्या, चटणी-भाकर होती.  म्हणून आजही पोराच्या उत्तरावर लाल पेन चालवण्याआधी मी त्याला विचारते, बाबा रे, तुझ्या घरी काय म्हणतात? हे मला डी.एड.ला कोणी शिकवलं नाही. तू शिकवलंस. भावना, मी जी काही बरी मास्तरीण झाले असेन, ती तुझ्या त्या एका वाक्यानं आणि त्या भाकरीनं. हे तुला कधीतरी सांगायलाच हवं होतं.

छायाच्या पेपरानंतर रीताचा पेपर आला. मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, अगदी माझ्यासारखी. तिनं लिहिलं, ‘चोरी आहे. पण मला दिसलं तर मी दुसरीकडे बघीन. बाबांना सांगणार नाही. ते त्या बाईला सगळ्यांसमोर बोलतील.’ ते वाचून मी रडले. आमच्यासारख्याच घरातली पोरगी, आणि तिला हे सुचलं.

मला सुचलं नव्हतं. शुक्रवारी घुगऱ्या खाता खाता तूच मला कानात सांगितलं होतंस, उद्या आई सरवा वेचायला जाणार आहे. रात्री जेवताना मी ते अण्णाजींना सांगितलं. आमच्या घरी खरं बोलणं म्हणजे अण्णाजींना सांगणं. मला शाबासकी मिळाली, गुळाचा खडा मिळाला, आणि मी तो खाल्ला. तुला माझा संशय आला होता का? आला असूनही तू माझ्याशेजारी बसली असशील, तर तुझे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. काल मी अनुसयाबाईकडे गेले. ऐंशीची झाली आहे, विहाराच्या ओट्यावर बसून असते. तिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, “माहा जीव हलका केला, पोरी. पन सुलोचनाले कोन सांगन? मी सांगतलं तं तिले खरं वाटन का?” म्हणून हे पत्र. ते काकूला मोठ्यानं वाचून दाखव, माझं नाव गाळू नकोस. पुढच्या रविवारी मी चंद्रपूरला येते आहे. काकूनं दारातूनच परत पाठवलं, तर तो तिचा हक्क आहे. नाही पाठवलं, तर तिला घेऊनच अल्लीपूरला येईन. अनुसयाबाई ओट्यावर अजूनही काकूसाठी अर्धी सतरंजी मोकळी ठेवून बसते.

तुझ्या बाकावरची, तुझीच,
अंकिता