दिवसा माझं नेट, रात्री बाळूचं

सोम. २ फेब्रु.
आज परत. विम्याच्या क्लेमसाठी एक बाई फोनवर, नवरा दवाखान्यात, अन् माझा आवाज तिला तुकड्यातुकड्यानं. मग कट. पुण्याच्या ऑफिसातून मॅडमचा मेसेज : घरून जमत नसेल तर ऑफिसला येऊन बसा. येडगावहून रोज पुणं? नोकरी सोडा, एवढंच गोड भाषेत.
नेटच्या वायरवाल्याला फोन केला. म्हणे राउटर बंद करून चालू करा. एवढं एकच शिकवलंय त्याला.

बुध. ४
चोर घरातच. धाकटे दीर. तोंडावर बाळूभाऊजी, इथं नुसता बाळू. साहेब टॉरेंटवरून पिक्चर उतरवतात. फुकट. तेही थिएटरात कुणीतरी लपून काढलेले, मधे पुढच्या माणसाचं डोकं. बी.एस्सी. होऊन हे दिवे लावले. बोलले तर उलट मलाच, मी काय तुमचं नेट खातो का वहिनी.

गुरु. ५
जेवताना सासऱ्यांनी, आण्णांनी, निकाल दिला. विहिरीच्या पाण्याची जशी भावाभावांत पाळी, तशी नेटची. दिवसा मी, रात्री बाळू. सगळ्यांनी माना डोलावल्या, जसा काही मोठा शोध लागला. असो. चालेल.

सोम. ९
बाळू पाळी पाळतो, खोटं कशाला बोलू. तरी दुपारी आवाज तुटलाच. हा तर मंचरला गेलेला. खोलीत लॅपटॉप चालू, इकडं राउटरचे दिवे नुसते लुकलुकतायत.
संध्याकाळी विचारलं. गडी छाती काढून सांगतो, पिक्चर रात्रीच उतरला, आता काय संबंध? अरे शहाण्या, उतरला की तुझं मशीन तोच पिक्चर जगाला वाटत बसतं. आपली पाठवायची लाइन सगळी त्यात जाते, माझा आवाज जाणार कुठून? शिवाय एका वेळी शेकडो लोकांशी जोडलेलं, राउटर गुदमरतो. मी बसून वाचलं तर कळलं. ह्याला कधी वाचावंसं वाटलं नाही.

मंगळ. १०
तो बाहेर गेल्यावर लॅपटॉप उघडला. पाठवायचा वेग अगदी कमी केला, जोडण्या कमी केल्या, पिक्चर पूर्ण झाला की वाटप थांबेल असं केलं. माझ्या कामाच्या वेळेत सगळं बंद. रात्रीचं उतरवणं ठेवलं. बघू दे डोकी.
एकही फोन तुटला नाही. लई बरं वाटलं.

गुरु. १२
कळलं त्याला. गहजब असा, जणू मी कुणाचा ऊस पेटवला. आण्णा म्हणाले, "पाळी कुणाची का असंना, दुसऱ्याच्या मोटारीला हात लावायचा न्हाई." ह्या घरात दुसऱ्याचं पाणी फिरवणारा म्हणजे चोर. झाले मी चोर.
म्हटलं, माझ्या पाळीत त्याचंच चालू होतं. तर आण्णाच, "पिक्चर आला ना रात्रीच? मग आता कसलं पाणी?" कप्पाळ माझं. हे, माझे यजमान, भाकरी मोडत बसले.

शुक्र. १३
बाळूनं रागात राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसली. पासवर्ड, जोडणी, सगळं पुसलं. केवढा पराक्रम. वायरवाला संध्याकाळी उगवला. घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून फोन घेतले, वाऱ्यात. मॅडम म्हणाल्या, "ताई, आता एकदा जरी झालं तर माझ्या हातात काही नाही."
खाली येऊन रडले. रागानं.

रवि. १५
माझ्या नावावर वेगळं कनेक्शन सांगितलं. उद्या वायर टाकायला येणार. घरात सांगितलं तेव्हा आण्णा ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "एका घरात दोन वायरी? मग चूल बी येगळी करा."
लग्न झाल्यापासून त्याच चुलीवर सगळ्यांचं रांधतेय. अन् जड झाली ती एक वायर. बाळूची टाचणी कुणाला दिसली नाही.
ह्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? उठले, गोठ्यामागून शिडी आणली, आण्णांच्या समोरून नेऊन भिंतीला लावली. कशाला म्हटलं, तर म्हणाले, "वायरवाल्याकडं शिडी नसती."
चुलीचं मात्र काही बोलले नाहीत.