सातशे वीस तास

३ फेब्रुवारी, सोमवार

"यंत्र चुकेल, हिचे डोळे चुकायचे नाहीत." आत्माराम सर अठरा वर्षांपूर्वी म्हणाले होते. सगळ्या लॅबसमोर! मी नवी होते. हातात डाळिंबी रंगाचे कापडाचे दोन तुकडे होते. रंग मोजणाऱ्या यंत्राला ते सारखे दिसत होते, मला वेगळे. सर निवृत्त झाले, मनोरला जाऊन राहिले, माझे केस पिकायला लागले. ते वाक्य मात्र अजून पर्समध्ये असल्यासारखं वाटतं — हात घातला की किल्ल्यांसारखं लागतं.

आज आठवायचं कारण प्रदीप, आमच्या रंगखात्याचा मास्टर. त्याने रंगवलेला नेव्ही ब्लूचा लॉट मी नापास केला. लाइट बॉक्सच्या दिव्याखाली नमुन्याचा तुकडा आणि लॉटचा तुकडा शेजारी शेजारी ठेवले होते. यंत्र 'पास' म्हणत होतं. मी म्हटलं, धुरकट आहे.

"धुरकट कुठंय, मॅडम? तसाच तर आहे."

"तुम्हाला दिसत नसेल."

"बरं. मला दिसत नसेल," म्हणाला आणि गेला. जळगावकडचा माणूस. रागावला की आवाज खाली जातो.

दोन्ही तुकडे इथे पानाला डकवून ठेवते. पुरावा असावा!

डोळे चुरचुरतायत. बोईसरची हवा, दुसरं काय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांतल्या लेन्सचे तास एकदा लिहून ठेवते, नाहीतर विसरायला होतं.

डबीवर लिहिलंय — तीस दिवस. सहा नोव्हेंबरला उघडली, दिवाळी आटोपल्यावर. पण तीस दिवस म्हणजे नक्की काय? दिवस चोवीस तासांचा. तीस गुणिले चोवीस, सातशे वीस. आमच्या लाइट बॉक्सच्या ट्यूब काय कॅलेंडर बघून बदलतात? मीटर असतो. दोन हजार तास जळल्या की बदलायच्या. सुट्टीला जळतच नाहीत, तर झिजतील कशा? लेन्सचंही तसंच. पाळी आठ तासांची. कालपर्यंत शहात्तर पाळ्या झाल्या. म्हणजे सहाशे आठ तास. अजून एकशे बारा शिल्लक!

घरातले तास धरत नाही. घरात एवढं बघण्यासारखं काय आहे? झोपेतले तर नाहीच नाही. डोळे मिटलेले, म्हणजे दिवा बंद.

(रात्री काढायचा कंटाळा येतो, हे खरं. पहाटे साडेपाचला कंपनीची बस. बेसिनपुढे डोळ्यात बोट घालून उभं राहायला वेळ कुणाला आहे?)

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कारखान्याला सुट्टी. ललित अलीकडे फार छान दिसायला लागलाय. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गाल कसे गुळगुळीत — अगदी लग्नातला! तसं सांगितलं तर घाबरलाच. "काय हवंय?"

बावीस वर्षांचा संसार. कौतुक केलं तर हे उत्तर.

९ फेब्रुवारी, रविवार

कामावरून आले तर आई — माझ्या सासूबाई — दारातच.

"काय गो, डोळं लाल कशानं? रडलीस काय?"

"नाही हो आई."

"नाय कशी? मला काय दिसत नाय? ललित्या! काय बोललास तिला?"

ललित मोटरसायकल पुसत होता. "मी कुठं काय—"

"गप! बायकोला रडवतोस नि वर तोंड करतोस!"

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण जेवताना आईंनी माझ्या पानात बोंबलांचे चार तुकडे वाढले आणि ललितला नुसतं वरण. तो माझ्याकडे बघत होता. मी बोंबलांकडे. म्हटलं, उद्या सांगू.

१० फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं. आज कोलंबी होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोरपंखी रंगाचा लॉट नापास. त्याआधी शनिवारी आमसुली, काल शेंदरी. सगळ्यांवर तीच धुरकट साय. मी लाइट बॉक्सच्या ट्यूब बदलायला लावल्या. पाणी तपासायला लावलं. दुपारी प्रदीप लॅबमध्ये आला.

"मॅडम, पाणी बरोबर, रंग बरोबर, ट्यूब नव्या. आता राहिलं काय?"

"तुम्ही," मी म्हटलं.

अख्खी लॅब हसली. प्रदीप नाही हसला. डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि गेला.

एवढं बोलायला नको होतं. बसमध्ये सारखं तेच मनात घोळत होतं.

त्याचा पिस्ता रंगाचा लॉट मात्र एका नजरेत पास केला, सही करून टाकली. मी मुद्दाम करते असं कुणी म्हणायला नको.

येताना रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत होती. किती सुंदर!

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रदीपला मेमो मिळाला. चार लॉट नापास झाले, मिळणारच. मला वाईट वाटायचं कारण नाही.

वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सातशे वीस पूर्ण! नवी डबी काढून ठेवली. केवढी शिस्त माझी.

संध्याकाळपासून डाव्या डोळ्यात मूठभर वाळू गेल्यासारखं झालंय. लेन्स निघता निघेना. शेवटी निघाली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी, कडेला पिवळट. स्वयंपाकघरातली ट्यूबसुद्धा सहन होत नाही. पाणी थांबत नाही. आई पदर खोचून ललितच्या समोर उभ्या राहिल्या. "आज काय केलंस?" बिचारा मोटरसायकलची किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता. "आत्ता जाऊ या का?" एवढंच. मी म्हटलं, सकाळी.

एका डोळ्याने लिहितेय. ओळी वर चढतायत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाई माझ्याच वयाच्या असतील. यंत्रावर माझी हनुवटी टेकवून बघत होत्या.

"लेन्स किती दिवसांची?"

"तीस."

"उघडली कधी?"

"सहा नोव्हेंबरला. पण डॉक्टर, त्याचं असं आहे—" मी सगळं सांगितलं. पाळ्या, ट्यूब, मीटर, झोपेचे तास वजा. त्यांचं लिहिणं थांबलं. बाहेरच्या बाईला हाक मारून म्हणाल्या, "जरा आत ये गं, हे ऐक." मला पुन्हा सांगायला लावलं!

मग मात्र हसल्या नाहीत. "आज एकशे सात दिवस झाले. बुबुळाला हवा बाहेरून लागते. तुम्ही त्याच्या तोंडावर उशी दाबून ठेवलीत, झोपेतसुद्धा. बुबुळावर जखम आहे, त्यात जंतू झालेत. अजून दोन दिवस थांबला असतात तर—" पुढचं बोलल्या नाहीत. ते मला अजून ऐकू येतंय.

दर तासाला थेंब. कामावर जायचं नाही. लेन्सचं नाव काढायचं नाही. डाग राहील, तो मधोमध राहिला तर डावा डोळा रंग बघायच्या कामाचा उरणार नाही. हे मी विचारलं म्हणून सांगितलं. विचारायला नको होतं.

येताना ललितने मोटरसायकल रस्त्याकडेला घेतली, मला शहाळं घेऊन दिलं आणि म्हणाला, "आमच्या अणुवीज केंद्रात छातीला बॅज लावतो ना, किरणं मोजायचा. तो तारखेला परत द्यावा लागतो. मी महिनाभर सुट्टीवर असलो तरी. वापरला नाही म्हणून पुढच्या महिन्यात चालत नाही. बावीस वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर लटकतोय तो."

"धूसर दिसत होता," मी म्हटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जुना चष्मा सापडला. उणे सात. भिंगं बरणीच्या बुडासारखी, एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. लावला आणि घरभर हिंडले. कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं! फ्रिजवर तेलाचे हात! आणि ललित... आठ्या जिथल्या तिथे. कानांवर पांढरे केस, डोळ्यांखाली काळं. दोन दिवस दर तासाला उठून थेंब घालतोय माणूस. खूप वेळ बघत राहिले.

"आता काय?" म्हणाला.

"काही नाही. लग्नातल्यापेक्षा बरा दिसतोस."

आईंना खरं काय ते सांगितलं. त्या पाटावर बसल्या.

"मंग तो रडवत नव्हता तुला?"

"नाही."

"नि मी पोराला दोन आठवडे वरणभात घातला?"

रात्री बोंबील. सगळे ललितच्या पानात. मला वरण. आईंनी ते पानात वाढलं नाही, आदळलं.

१ मार्च, शनिवार

दुखणं पुष्कळ कमी आहे. डाग बुबुळाच्या कडेला आहे, मधे नाही! डॉक्टरांनी दोनदा बघून सांगितलं. घरी येऊन देवापुढे बसले आणि मग उगाच ही वही चाळत बसले.

तीन फेब्रुवारीचं पान. नेव्ही ब्लूचे दोन तुकडे. खिडकीशी नेले, चष्मा पदराने पुसला, उजव्या डोळ्याने बघितले. मग अंगणात नेऊन बघितले, चिकूच्या झाडापलीकडे, स्वच्छ उन्हात.

कापड धुरकट नव्हतं.

म्हणजे आमसुली? शेंदरी? मोरपंखी? रंगखात्यातली माणसं ते सगळे लॉट पुन्हा रंगवत बसली. आणि मी म्हणाले, "तुम्ही." सगळे हसले.

५ मार्च, बुधवार

मनोरला आत्माराम सरांकडे गेले. ललितने सोडलं. खरं सांगायचं तर मी ऐकायला गेले होते — की एखाद्या वेळी होतं असं, तुझे डोळे ते तुझे डोळे.

सर ओट्यावर शेंगा सोलत होते. माझा चष्मा बघून म्हणाले, "आलीस का माणसात!" मी सगळं सांगितलं. मध्ये एकदाच थांबवलं त्यांनी.

"यंत्र काय म्हणत होतं?"

"पास."

"मग?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना सर. यंत्र चुकेल, हिचे डोळे चुकायचे नाहीत."

सर हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, काकूंना पाणी आणावं लागलं. "अगं, ते मी सगळ्यांनाच म्हणायचो! नवा माणूस त्या दिव्याखाली घाबरतो. प्रदीपलाही म्हटलं होतं."

"प्रदीपला?"

"त्याच्यापुढेही यंत्र होतं की." मग शेंगांची टरफलं गोळा करता करता म्हणाले, "अठरा वर्षं वापरलंस ते? त्याच्यावर काही तारीख नव्हती होय?"

परत येताना ललितच्या पाठीला डोकं टेकवलं. हायवेवर धूळ फार, म्हणून.

८ मार्च, शनिवार

कामावर रुजू. चष्म्यावर चष्मा — वर धुळीचा गॉगल. बसमधल्या बायकांनी ओळखलंच नाही. एकीने जागा दिली, "बसा आजी" म्हणाली!

नापास केलेल्या चारही लॉटचे तुकडे फाइलमधून काढले. यंत्रावर बघितले, डोळ्यांनी बघितले, दुसऱ्या पाळीतल्या मुलीला दाखवले. चारही बरोबर होते. साहेबांसाठी पत्र लिहिलं. चूक माझी, डोळे माझे, प्रदीपचा मेमो मागे घ्यावा. तीनदा लिहिलं. पहिल्यात लेन्सचं नाव नव्हतं. दुसऱ्यात 'तब्येतीच्या कारणाने' होतं. तिसऱ्यात खरं. साहेब सोमवारी येणार आहेत.

मग कळलं, प्रदीपने राजीनामा दिलाय. वापीला चाललाय. पुढच्या शनिवारी शेवटचा दिवस.

जिन्यात भेटला. तोच म्हणाला, "चष्मा चांगला दिसतो, मॅडम." एकदम हळू आवाजात. म्हणजे राग गेलेला नाही.

१० मार्च, सोमवार

साहेबांनी पत्र वाचून परत दिलं. "मेमो त्या चार लॉटांचा नव्हताच," म्हणाले. तो पिस्ता लॉटचा होता — जो मी एका नजरेत पास केला. तो फिकट होता, चांगलाच. माझी सही झाल्यावर प्रदीपने कुणाला न विचारता तो परत रंगवायला घातला. माल दोन दिवस उशिरा गेला. का घातलास, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "माझीच चूक होती."

त्याच्या डब्याच्या पिशवीत चिठ्ठी ठेवून आले. तो नाहीच म्हणणार. मी त्याच्या जागी असते तर मीही म्हणाले असते. तरी इथे उतरवून ठेवते:

"प्रदीपभाऊ, वापीला जाऊ नका. लाइट बॉक्सपुढे माझ्या शेजारी उभे राहा. आणि मी चुकले की अख्ख्या लॅबसमोर म्हणा — मॅडम, चष्मा पुसा."