जोमाच्या घरी नोंदलेला दगडू

सुयशला जिन्यात गाठले, त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली, त्याला घरात आणले आणि दाराला आतून कडी लावली. तो वीस वर्षांचा आहे. मनात आणले असते तर मला बाजूला सारून सरावाला गेला असता. गेला नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला आहे.

"बाबा, तुमच्या आजोबांच्या बाबांना काहीतरी झालं असेल. त्यात माझी सेमीफायनल का जाते?" असे त्याने विचारले. मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी, जयप्रकाश बाळाराम मढवी, वय ४४, धंदा कनिष्ठ महाविद्यालयात मराठीचे अध्यापन, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी शुद्धीवर आहे. घाबरलेलाही आहे, आणि ते लपवत नाही. घाबरलेल्या माणसाला आपली मिळकत कोणती आणि वारस कोण हे कळते, असे मत डॉ. सादिक मुकादम यांनी मला तपासून दिले आहे. त्याखाली त्यांची सही आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. लागेल असे वाटले नव्हते.

१. नेरूळची राहती सदनिका, तिच्यातील सर्व चीजवस्तू, भविष्यनिर्वाह निधी आणि बँकेतील शिल्लक माझी पत्नी वैजयंती हिला मिळावी. यात सुयशचा वाटा का नाही, असे कोणी विचारू नये. ही सर्व मिळकत तिच्याबरोबर उभी केलेली आहे. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच राहील. "आधी त्याला तोंडानं सांगा, मग कागद करा," असे ती मघाशी म्हणाली. ती नेहमी बरोबर असते. पण मला तोंडाने जमत नाही.

२. स्कूटर सुयशला. अट एकच, ती पाचव्या कलमात आहे.

३. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. मोडी लिपीची पुस्तके आणि माझी टिपणे मात्र घरीच ठेवावीत. आमच्या विभागप्रमुखांना काही देत नाही. मी रजा मागायला गेलो तेव्हा ते सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणाले होते, "मढवी, वंशावळी राजांच्या असतात. मिठागरावरच्या मजुरांची कसली वंशावळ काढताय?" लोक हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर बरे झाले असते.

४. हे कलम मिळकतीचे नाही. पाचवे समजण्यासाठी ते लागते.

माझे वडील बाळाराम, बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. एकसष्ट साली ते झोपेत गेले. चव्वेचाळीस वर्षांचे होते. मी नऊ वर्षांचा होतो. सकाळी त्यांना उठवायला मलाच पाठवले होते. यंदा मी त्यांच्या वयाचा झालो. सप्टेंबरमध्ये वर्गात शिकवताना छातीत काहीतरी उलटेसुलटे झाले, फळा धरून उभा राहिलो. डॉ. सादिक यांनी कार्डिओग्राम काढला. पट्टी बराच वेळ पाहिली आणि विचारले, "सर, घरात कोणी असं अचानक गेलेलं आहे?"

मी वडिलांचे सांगितले. आजोबा दगडू हेही चाळिशीत मिठागराच्या बांधावर गेले, असे आई सांगायची, तेही सांगितले.

"दोन म्हणजे योगायोगही असेल. त्याच्या मागे बघा. हृदयाचा एक आजार रक्तातून खाली येतो. तीन पिढ्यांत निघाला तर मुलालाही तपासावं लागेल."

मुलालाही, हा शब्द घेऊन मी घरी आलो.

मग मागे बघू लागलो. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे बाप-आजे फेरफारात सापडतात. आमच्याकडे जमीन नव्हती. मिठागर दुसऱ्याचे, माणूस हंगामापुरता. मिठागराची हजेरीपुस्तके कधीच रद्दीत गेली. खानेसुमारीत तळवली गावात किती बाप्ये आणि किती बाया ते कळते, त्यांतला कोण आपला ते कळत नाही. शाळेचा दाखला नाही, कारण दगडू शाळेत गेला नाही. राहिले गावच्या कोतवालाने ठेवलेले जन्ममृत्यूचे पुस्तक. ते मोडीत होते. ती लिपी मी तरुणपणी हौसेने शिकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा तिचा उपयोग झाला.

सहा आठवडे रजेच्या दिवशी तहसील कचेरीच्या अभिलेख खोलीत बसलो. दगडूचा जन्म सापडला: मुलगा, बापाचे नाव जोमा. मग जोमाचा मृत्यू सापडला. वय ऐंशी, कारण म्हातारपण. जोमाचे दोन भाऊ सापडले. एक अठ्ठ्याहत्तर, दुसऱ्याला साप चावला तेव्हा सत्तर. त्या दिवशी मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, दोन ग्लास. माणसे आमच्या घरात म्हातारी होत होती. माझे वडील आणि आजोबा हा योगायोग होता. सुयशला तपासायचे राहू दिले.

गेल्या रविवारी ही बातमी सांगायला करावे गावी गेलो. तिथे सुंदराबाई असतात. जोमाची धाकटी मुलगी, वय नव्वदीच्या आसपास. त्यांना मी आत्याआजी म्हणतो. ओटीवर जाळ्याचा ढीग होता, त्याच्या शेजारी त्या बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. जोमा ऐंशी, भाऊ अठ्ठ्याहत्तर. त्या हसल्या.

"बाला, ते आमचे. तुजा आजा आमचा नाय. दगडूदादा इकत घेतलेला."

मला वाटले म्हातारपणाने गोंधळल्या आहेत. त्या गोंधळल्या नव्हत्या.

"समोरचे हशाची पोरां जगत नव्हती. तीन गेली. चवथा झाला तवा हशाचे बायकोनं त्याला सुपान घातला नि उंबऱ्यावरून आमचे आयचे हातान दिला. आयनं पसाभर तांदूल दिलं. सौदा झाला. नाव दगडू ठेवला, दगडाला कोन नेतंय? मरन समोरचे घरान शोदीत बसलं, पोर आमचे घरान खेलत व्हता."

"पण कोतवालाच्या पुस्तकात..."

"कोतवाल दारान आला, इचारला पोर कुनाचा. आय बोलली, माजा. खोटा काय बोलली? पैका नाय, तांदूल मोजलं व्हतं."

असे मूल लग्नाआधी परत घ्यायचे असते. नारळ आणि तांदूळ देऊन. मी विचारले, हशाने परत का घेतले नाही.

"हशाच राह्यला नाय. मिठाची फली वढता वढता बांदावर पडला. तवा तिशीचा बी नव्हता. मंग कोन घेनार?"

हे बोलून झाले आणि त्यांचा चेहरा बदलला. अशा मुलाचे खरे घर मोठ्याने सांगायचे नसते. सांगितले तर मरणाला पत्ता कळतो. ज्यांना धोका होता ते सगळे गेले, या समजुतीने त्या बोलल्या होत्या. मी समोर बसलो आहे हे त्यांच्या उशिरा ध्यानात आले. त्यांनी सुनेला हाक मारून मीठ आणि मोहऱ्या आणवल्या, माझ्यावरून उतरवल्या, चुलीत टाकल्या. मी, मराठीचा अध्यापक, मान खाली घालून बसून राहिलो. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा बरे वाटले, हेही लिहून ठेवतो.

आमच्या कागदांत वाटून घ्यायला काही नव्हते, म्हणून कोणी खोटे लिहिले नाही. एका आईने मूल वाचवायला सांगितले ते कोतवालाने लिहिले, आणि ते मी खरे मानून माझ्या मुलाला आणखी महिनाभर पळू दिले.

मंगळवारी तळवलीला गेलो. हशाचे घर भोईरांचे. दगडूच्या पाठीवरचा भाऊ जगला होता. त्याचे नातू गोटीराम आता घरात मोठे आहेत. अठ्ठावन्न वर्षांचे, धडधाकट. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला मिठीच मारली.

"म्हंजे तू आमचाच! मंग त्या मढव्यांचे घरान इतकी वर्सं काय करतोस?"

मी त्यांच्या घरचे मृत्यू विचारले. त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले. आजा पस्तीस. बाप पंचेचाळीस. दोन भाऊ, एक अडतीस, एक एकेचाळीस. थोरला मुलगा गेल्या होळीला, तिशीत, कबड्डीच्या मैदानावर, चढाई करून परत येताना रेषेवर.

"आमचे घरान बाप्ये निवांत जातात. खाटेवर कुजत नाय. मीच कसा राह्यलो, देवाला ठावं."

मी त्यांना आजाराचे सांगितले. मुलांना, नातवांना घेऊन डॉक्टरांकडे या म्हणालो. ते हसायचे थांबले.

"वायरी लावल्यावर काय कलनार? मरन कवा येनार ते? कलून मी काय करू? रोज बसून वाट बगू? तू बगतोस तशी?"

"औषधं आहेत, दादा. खेळ बंद करता येतो."

"पोरानं खेलायचा नाय, पलायचा नाय, मंग जगायचा कशाला? जा बाबा. जेवून जा, पन हा इषय नको."

गेल्या होळीला गेलेल्या मुलाची बायको कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नऊ आणि सहा वर्षांचे तिचे दोन मुलगे अंगणात एकमेकांना पकडत होते. मी निघालो तेव्हा ती मागून फाटकापर्यंत आली आणि तिने हळू आवाजात विचारले, "दवाखाना नेरूळला कुठं हाय?" मी सांगितले. ती लगेच परत गेली.

५. सुयशसाठी. तुझ्या हातात हा कागद मी जिवंत असताना पडला तरी हे कलम लागू आहे. तू कबड्डी खेळतोस. एका श्वासात समोरच्या बाजूला जातोस आणि तोच श्वास धरून परत येतोस. गेली तीन वर्षे मी तुझे सामने बघायला येत होतो, आता डोळ्यांसमोर तेवढेच येते. डॉक्टर तपासून लेखी परवानगी देईपर्यंत तू मैदानात उतरायचे नाही आणि स्कूटर चालवायची नाही. आयुष्यभर दर वर्षी तपासून घ्यायचे. तुला मुले झाली तर त्यांनाही. मुले तुझ्याकडून कोणी विकत घेणार नाही आणि घेतली तरी उपयोग नाही, एवढे मला या शोधात समजले.

हे सगळे मी दाराआडून सुयशला वाचून दाखवले. तो आतून म्हणाला, "उद्या नऊला दवाखान्यात येतो. सामना अकराला आहे. तिथून सरळ मैदानावर जाणार."

कायद्याने मी त्याला अडवू शकत नाही. तो सज्ञान आहे.

६. दगडूची मीठ ओढायची लाकडी फळी माळ्यावर आहे. दांडा बदललेला, फळी जुनीच. ती भोईरांच्या घरी द्यावी. ती मढवींची नाही. जोमाच्या घरच्यांचे मात्र आमच्यावर देणे आहे, ते फिटण्यासारखे नाही; म्हणून मढवी हे आडनाव सुयशने बदलू नये.

७. माझ्या मृत्यूनंतर, तो घरी झोपेत झाला असला तरी, शवविच्छेदन करावे आणि कारण स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. म्हातारपण, ताप, देवाज्ञा यांतले काही लिहू देऊ नये. त्याच्या प्रती सुयश आणि कुंदा भोईर यांना द्याव्यात. दिवस करायचे की नाही ते वैजयंतीने ठरवावे.

८. माझ्या मावसभावाने, हौसेरावाने, आमच्या आईच्या आजारपणात तोंड दाखवले नाही. त्याला क्षमा करण्याचा विचार होता. केलेला नाही.

९. मला झोपेत काही झाल्यास सकाळी उठवायला सुयशला पाठवू नये. वैजयंतीने स्वतः यावे.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाबासो खराडे सही करताना म्हणाले, "सर, मरायचं टेन्शन नंतर घ्या, आधी पार्किंगचं मिटवा." मग चष्मा काढून पुसला आणि सातवे कलम पुन्हा वाचायला मागितले. दोघा साक्षीदारांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

लिहून देणार: जयप्रकाश बाळाराम मढवी (सही)

साक्षीदार:
१) डॉ. सादिक मुकादम, नेरूळ (सही). लिहून देणारे पूर्ण शुद्धीवर असल्याची माझी खात्री आहे.
२) बाबासो खराडे, नेरूळ (सही)

ठिकाण: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: १२ डिसेंबर १९९६, गुरुवार

शुक्रवार, सकाळ. मी उठलो. नऊ वाजता सुयशला घेऊन दवाखान्यात गेलो. कुंदा दोन्ही मुलांना घेऊन आमच्या आधी येऊन बसली होती. गोटीरामांना न सांगता आली होती. डॉक्टरांनी सुयशचा कार्डिओग्राम काढला, पट्टी खिडकीपाशी नेली आणि म्हणाले, पुन्हा काढू. दुसऱ्या पट्टीतही माझ्या पट्टीत आहे तेच आले. त्यांनी त्याला लगेच मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. सुयशने बाहेर येऊन कॅप्टनला फोन केला आणि खेळणार नाही असे सांगितले. कुंदाच्या थोरल्याच्या पट्टीत काही दोष निघाला नाही. धाकटा अजून आत आहे.