घाणेरीचं कुंपण

कोटगिरी, तामिळनाडू
१२ जानेवारी २००४

तीर्थरूप आबांस,
रागात का होईना, पण आवडीचा नमस्कार. भरत, हे आबांना वाचून दाखवताना एकही शब्द गाळू नको.

मी इकडे बरी हाय. थंडी फार, पण गोधडी पुरते. आईचे गुडघे कसे हायत?

आबा, तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. मी इथं गावोगाव बायकांना सोबत घेऊन घाणेरी मुळासकट उपटते. ती रान गिळते, गुरांना विषारी हाय, हे चित्रं दाखवून सांगते. त्यांची भाषा मला धड येत नाय, तरी त्यांना पटतं. आणि आपल्या वाडीत तीच मोहीम आली, तर तुम्ही कोयता घेऊन कुंपणापुढं उभे राहिलात. म्हणालात, "ही माझ्या आवडीनं लावलीय. कोणी हात लावायचा नाय."

लावली, खरं हाय. आठ वर्षांची होते, फुलं आवडली म्हणून आंबेनळी घाटातून फांद्या आणल्या. शेळ्या तोंड लावत नायत म्हणून तुम्हीच कौतुक केलंत, आणि सगळ्या वाडीनं तिच्या फांद्या नेल्या. आता माळावर गवत उरलं नाय, म्हणून आपली चंद्री गाय घाणेरी खाते. तिचं नाक सोललंय, डोळे पिवळे झालेत, आणि तुम्ही भरतकडून लिहवून घेता की दृष्ट लागली.

त्या विषानं ऊन बाधतं, तिला उन्हात बांधू नका. पोलादपूरहून गुरांचा डॉक्टर आजच आणा.

आठवणीला माझा फोटो हाय ना भिंतीवर? मग हे कुंपण कशाला? शिमग्याला मी येतेय. आधी कुदळ हातात घेईन, मग तुमच्या पाया पडेन.

तुमचीच,
आवडी