ह्यांची शोभाताई

१२ जानेवारी, सोमवार
ह्यांना मुंबईच्या हॉस्पिटलातून घरी आणलं. अर्धी जीभ काढली, नाकात नळी. रेवदंड्यापर्यंत रिक्षात डोळे मिटून होते. घरात आल्यावर पहिली खूण केली रिमोटची. साडेआठला तोच स्वयंपाकाच्या स्पर्धेचा शो. म्हटलं, दुसरं काही बघा. हातानेच 'गप' केलं. माणसाला पाणी गिळता येत नाही आणि समोर पडद्यावर कोळंबी परततायत. मी मोरीत जाऊन उभी राहिले.

१४ जाने., बुधवार
शेजारचे लतीफभाई आले. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. हे रिक्षा चालवायचे तेव्हापासून दोघं मिळून हा शो बघतात. हे मालवणच्या शोभाताईच्या बाजूचे, ल.भाई नागपूरच्या पोराचे. भांडण नेहमीसारखंच, फक्त ह्यांचं अर्धं, माझ्या अंगणवाडीतून आणलेल्या पाटीवर.
ल.भाई, "परकाश, तुझ्या शोभाताईच्या हाताला चव हाय, पन ताट मांडायची अक्कल न्हाय तिला."
ह्यांनी इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली. 'ताट खातोस का तू?'
ल.भाई हसले. ह्यांच्या घशातूनही काहीतरी आलं. हसूच असावं.
जाताना ल.भाई ओटीवर चपला घालत रडत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१९ जाने., सोमवार
घरात मासळी करत नव्हते. वास नको म्हणून. मी अंगणवाडीत कामावरच चार घास खाऊन यायची. आज ह्यांना कळलं. पाटीवर, 'कालवण कर. वास तरी घेऊ दे.'
बांगड्याचं केलं. डोळे मिटून बसले होते, नळीतून दूध जात होतं. मग लिहिलं, 'शोभाताई तिरफळं घालते. तू का नाही?'
लग्न झाल्यापासून माझ्या कालवणाला कधी नाव ठेवलं नव्हतं. आज ठेवलं, तरी बरं वाटलं. पण मला घास काही उतरला नाही.

२३ जाने., शुक्रवार
शोभाताई बाहेर. परीक्षक म्हणे मीठ जास्त. ल.भाईंचा नागपूरवाला वाचला, तरी तेच जास्त चिडले. "सरासर नाइन्साफी हाय ही!"
ह्यांच्यापुढे पाटी धरली. घेतली नाही. भिंतीकडे तोंड करून पडले.

२७ जाने., मंगळवार
अलिबागला दाखवलं. मानेत नवी गाठ. डॉ.नी मला एकटीला बाहेर बोलावलं. "मुंबईला परत न्या. काय करायचं ते तिकडे ठरवतील." काही करण्यासारखं आहे का, हे विचारायचं होतं. कागद तेवढे पिशवीत भरले.
येताना ह्यांनी खूण केली, काय म्हणाले? म्हटलं, नेहमीची तपासणी. माझ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे.

२९ जाने., गुरुवार
शो लागला की हे पाठ फिरवतात. आज मुद्दाम नागपूरवाल्याचं कौतुक सुरू केलं. "ह्याच्यापुढे शोभाताई टिकलीच नसती." ल.भाईंना लगेच उमगलं. "वहिनी बरोबर बोलतायत." मी आणखी बोलले. शोभाताईला फोडणीसुद्धा येत नाही म्हटलं. चिडू देत, पेन्सिल मोडू दे.
हात पुढे झाला. पाटी दिली. ल.भाईंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.
'आवाज कमी करा.'

१ फेब्रुवारी, रविवार
उद्या मुंबई. बॅग भरली. आज अंतिम फेरी. ल.भाई मुरुडला कामात अडकले, फोन आला. "वहिनी, लावा तुम्ही. त्याला एकटं पडू देऊ नका."
लावलं. शोभाताई पाहुणी म्हणून आलेली, पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी. "अहो, बघा तरी कोण आलंय." हलले नाहीत.
मग मीच भांडायला लागले. थोडं ह्यांच्या बाजूने, थोडं ल.भाईंच्या. पदार्थांची नावंही धड येत नव्हती, तरी बोलत राहिले. आवाज चिरकला, पण थांबायची भीती वाटत होती.
नागपूरचा पोरगा जिंकला. वळून बघितलं तर हे कुशीवर वळलेले. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. किती वेळ, देव जाणे.
"बंद करू?"
मान हलली. हो म्हणून की नको म्हणून, कळलं नाही. परत विचारायचा धीर झाला नाही. टीव्ही चालूच आहे, बातम्या लागल्यात. डोळे अजून माझ्याकडेच.