पत्नीच्या सुईत काय होते, याबाबत

प्रति,
मा. संशोधन अधिकारी,
वेदना उपचार विभाग,
सरकारी रुग्णालय.

विषय : स्टेम सेल चाचणीच्या निकालाच्या पाकिटाबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझे आधीचे दोन अर्ज.

महोदय,

माझी पत्नी आपल्या चाचणीत रुग्ण क्रमांक ४१ होती. पहिल्या अर्जात मी तिच्या निकालाचे पाकीट लवकर पाठवा, असे लिहिले. दुसऱ्यात पाठवू नका, असे लिहिले. आपल्या कारकुनांनी कळवले की, एक काय ते ठरवा. त्यांचे बरोबर आहे. म्हणून हा तिसरा अर्ज.

१. साखरेच्या आजाराने पत्नीच्या पायांच्या नसा खराब झाल्या होत्या. तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत. चादरही सोसत नसे, म्हणून मी खाटेला तारेची कमान करून दिली होती. शिवणाचे मशीन बंद पडले होते.

२. आपण निम्म्या रुग्णांना स्टेम सेल दिल्या व निम्म्यांना मिठाचे पाणी. कोणाला काय, हे सुई देणाऱ्या सिस्टरनाही ठाऊक नव्हते; ते प्रत्येकाच्या बंद पाकिटात लिहून ठेवले होते. सुईनंतर महिन्याभरात पत्नी मशीनवर बसली. कमानीवर मोजे वाळत घालू लागली. पुढे ती हृदयविकाराने गेली. त्याचा सुईशी संबंध नाही असे डॉक्टरांनी सांगितले, ते मला पटले आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

३. आता तिच्या धाकट्या बहिणीचे पाय तसेच जळतात. आपल्या चाचणीच्या दुसऱ्या फेरीत तिला येता येईल. पण "भावजी, ताईला काय दिलं ते आधी विचारा, खरं औषध असेल तरच मी पाय पुढे करीन," असे ती रोज ऐकवते. तिचा नवरा म्हणतो, मिठाच्या पाण्याने बाई चालली असती तर समुद्रकाठी एक लंगडा उरला नसता. मी तिथे हसतो आणि घरी येऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो.

४. पाकिटात स्टेम सेल निघाल्या तर प्रश्नच मिटला. मिठाचे पाणी निघाले तर मेहुणी येणार नाही, तिचे पाय जळत राहतील. आणि पत्नी तर खरोखरच चालली होती. मशीनचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला आहे. हवे तर त्यांचे जबाब घ्यावेत.

५. तरी विनंती अशी की, पाकीट आपण एकट्याने उघडावे, आणि पत्नीच्या सुईत जे होते तेच, त्याच सिस्टरच्या हातून, मेहुणीला द्यावे. हे नियमात बसत नसेल याची कल्पना आहे. पत्नीला खरेच औषध दिले होते, असे मी काल मेहुणीला सांगून टाकले आहे. ते खोटे की खरे, हे मला मात्र कळवू नये.

आपणास वारंवार त्रास देणारा, तरी नम्र,
(सही)
रुग्ण क्रमांक ४१ चा पती
दिनांक : १९ जानेवारी

सोबत : पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, मेहुणीच्या रक्ततपासणीचे कागद.